विरहिणीला ऊन लागतं

३ मार्च, सोमवार

आज विरहिणीला अंधारकोठडी सुनावण्यात आली. महिनाअखेरची मुदत दिली आहे. शिक्षा दयाळू म्हणायची.

आमच्या चित्रालयात तीन प्रकारची चित्रं आहेत. लोकांना न आवडणारी, समितीला न आवडणारी, आणि विरहिणी. लोक तिकीट काढतात ते तिच्यासाठी. चांदण्यात बुडालेली निळी बाग, मधोमध एक तरुण स्त्री, एक हात कपाळाशी नेलेला, दुसऱ्या हातात विझलेला दिवा. तिच्यापुढे उभं राहून लोक नाक ओढतात. लग्न ठरलेली जोडपी येतात, आणि मोडलेली तर येतातच येतात.

वैद्यबाईंनी सकाळभर तिची तपासणी केली. (चित्रांची देखभाल करणाऱ्या या तज्ज्ञ. चित्राची नाडी पाहिल्यासारखा चेहरा करतात म्हणून हे नाव मीच ठेवलं. त्यांना माहीत आहे.) चष्मा काढून म्हणाल्या, "हिचे बरेच रंग आधीच उडालेत. उरलेले वाटेला लागलेत. वरचे हॅलोजनचे दिवे हिला रोज भाजताहेत."

"उपाय?"

"अंधार. तळघरात ठेवा आणि पुन्हा काढू नका."

समितीच्या अध्यक्षांचा चेहरा उजळला. ते निवृत्त वीज अभियंते आहेत. विनाकारण जळणारा दिवा त्यांना दातासारखा ठणकतो. "अंधाराला बिल येत नाही," ते म्हणाले, आणि जाता जाता जिन्यातला दिवा मालवून गेले. वैद्यबाई तेव्हा जिना उतरत होत्या.

मी या चित्रालयाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही, आणि चिटणीस म्हणजे चूक आपली. पोट वर्तमानपत्राच्या कलावार्तांवर भरतं. त्या वार्तांतून आणि व्याख्यानांतून मी विरहिणीबद्दल इतकं बोललो आहे की काही लोक चित्र न पाहताच रडतात. 'विरहिणीचे निळेपण' हा माझा लेख तर तीनदा छापून आला, त्यातला एकदा संपादकांच्या संमतीने. ती तळघरात गेल्यावर मी कशाबद्दल बोलायचं, हा विषय समितीच्या पत्रिकेवर नव्हता.

५ मार्च, बुधवार

घरी बायकोला सांगितलं. ही गणित शिकवते, त्यामुळे दुःखाचंही उत्तर काढायला बसते. म्हणाली, "दिवे भाजतात तर दिवे बदला. धाकटीला विचारा."

धाकटी म्हणजे माझी मेव्हणी. नाटकांची प्रकाशयोजना करते, आणि रंगमंचावर अंधार करायची सवय असल्यामुळे घरातही सगळ्यांना न विचारता अंधारात ठेवते. संध्याकाळी चित्रालयात आली, विरहिणीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी, हिची सावली पायाशी गोळा झालीय. चंद्र काय डोक्यावर टांगला होता?"

"पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री माथ्यावरच येतो," मी म्हटलं. "एकटेपणात सावलीसुद्धा तिला बिलगून बसली आहे, असं माझ्या लेखात सविस्तर आलंय."

"लेखात आलंय म्हणजे प्रश्नच मिटला," ती म्हणाली. कौतुकाने म्हणाली असावी.

तिची योजना अशी. हॅलोजन काढून एलईडीचे दिवे लावायचे. त्यांना ताप नाही, आणि वीज नावापुरती. पण खरी गंमत पुढे आहे. चित्रावर साधा पांढरा उजेड सोडण्याऐवजी एका छोट्या प्रोजेक्टरमधून प्रत्येक भागावर त्याचा त्याचा वेगळा उजेड सोडायचा. पानाला पानापुरता, ओठाला ओठापुरता. रंगातून जे उडालंय ते उजेडाने भरून काढायचं. तेही अगदी मंद.

"म्हणजे चित्र रंगवायचं?"

"चित्राला बोटसुद्धा लावायचं नाही. बटण बंद केलं की जशी होती तशी."

वैद्यबाईंना विचारलं. चित्राला हात लागणार नाही आणि एकूण उजेड आजच्याहून कितीतरी कमी असेल, तर त्यांची हरकत नाही. अध्यक्षांनी फक्त विजेचा आकडा विचारला. मेव्हणीने सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला, आवडतं गाणं पुन्हा म्हणायला लावावं तसा. मग फर्मान निघालं: २८ तारखेला समितीपुढे प्रात्यक्षिक. पटलं तर विरहिणी भिंतीवर, नाही पटलं तर तळघरात. चिटणिसाने सही करून प्रात्यक्षिकाचा रीतसर प्रस्ताव ठेवायचा. म्हणजे मी.

९ मार्च, रविवार

हिच्याबरोबर आत्याबाईंकडे जाऊन आलो. हिची सख्खी आत्या. दोन गल्ल्या सोडून राहते. चित्रकार म्हणजे या आत्याबाईंचे यजमान, आणि विरहिणी म्हणजे खुद्द आत्याबाई, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीच्या. यजमान फार लवकर गेले. मग आत्याबाईंनी चित्र चित्रालयाला देऊन टाकलं, आणि तेव्हापासून चित्रालयाची पायरी चढलेली नाही. बोलावणं कितीदा केलं. मी त्याचा अर्थ असा लावतो की ते दुःख त्यांना पाहवत नाही.

"आत्याबाई, तुमचं चित्र तळघरात जाणार म्हणताहेत."

"बरं झालं. रडकी तोंडं तिथेच शोभतात."

"असं काय बोलता? सगळं गाव तुमच्यापुढे डोळे पुसतं."

"तेच तर! आणि मी काय तिकीट काढून माझंच रडणं बघायला येऊ?" त्यांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. "जावईबापू, शंभरदा सांगितलं, मी त्या दिवशी रडत नव्हते. ऊन मरणाचं होतं, जमिनीवर पाय ठरत नव्हता, आणि माझ्या हातात डाव होता."

वय झालं की आठवणीत दिवस आणि रात्र एकमेकांत मिसळतात. मी दुरुस्त केलं नाही. पण शेवटचं वाक्य! 'माझ्या हातात डाव होता.' ऐंशी ओलांडलेली स्त्री मागे वळून म्हणते की संसाराचा डाव तेव्हा आपल्या हातात होता. आणि पुढे तो कसा मोडला ते न सांगता शेंगा सोलू लागते. काव्यशास्त्रात ध्वनी याला म्हणतात. घरी येताच टिपून ठेवलं. लेखाच्या चौथ्या आवृत्तीत घालीन.

वाटेत ही म्हणाली, "आत्या काय म्हणाली ते कळलं ना तुम्हाला?"

"अगदी आत भिडलं," मी म्हटलं.

ही पुढचा चौक येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

१३ मार्च, गुरुवार

हॅलोजन उतरले. दालन एकदम गार झालं. इतकी वर्षं आपण चित्रं पाहत होतो की चित्रांबरोबर शिजत होतो, असा प्रश्न पडला.

नवे दिवे आले, आणि त्यांच्याबरोबर एक बटणाएवढा यांत्रिक डोळा. हा डोळा माणसाची हालचाल टिपतो. समोर कुणी असेल तरच प्रोजेक्टर लागणार, नाही तर मालवणार. म्हणजे चित्रावर एक थेंबही उजेड वाया जायचा नाही. अध्यक्षांनी या डोळ्याकडे ज्या मायेने पाहिलं, तसं त्यांनी समितीतल्या कुणाकडेही पाहिलेलं मला आठवत नाही.

चाचणीसाठी मला खुर्चीत बसवलं. मी विरहिणीकडे पाहत विचारात गढून गेलो. थोड्या वेळाने दिवा विझला.

"भावोजी, जरा हला! तुम्ही नाही आहात असं वाटतंय त्याला."

न्यायशास्त्रात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे आणि त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. मी त्यातल्या कोणत्या प्रकारात मोडतो हे पाहावं लागेल. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "त्यात दिव्याचं काय चुकलं? सुट्टीच्या दिवशी माझाही तसाच गोंधळ होतो."

१८ मार्च, मंगळवार

मेव्हणीचं चित्राचं मोजमाप चालू आहे. कुठला रंग किती उडाला हे मोजायला आधी तो मुळात काय होता हे कळायला हवं. त्याचा शोध लागेपर्यंत काम अडलं आहे. वैद्यबाई म्हणतात, चौकट काढू या. चौकटीखाली उजेड पोचलेला नसतो.

कलावार्ता दिली: 'विरहिणीच्या अश्रूंना नवा प्रकाश'. मथळा माझाच. संपादकांनी एक शब्दही बदलला नाही, म्हणजे वाचला नसावा.

२१ मार्च, शुक्रवार

चौकट काढली. कॅनव्हासच्या कडेला चारही बाजूंनी बोटभर रुंदीची हिरवीगार पट्टी निघाली. पोपटी म्हणावी इतकी तजेलदार.

"सुंदर!" मी म्हटलं. "चित्रकाराने निळ्या रात्रीला हिरवा काठ दिला होता. शोकाला जणू आशेची किनार. आणि चौकटीने तीच झाकली! यावर लिहिलं पाहिजे."

वैद्यबाईंनी चष्मा पुसला. मेव्हणी माझ्याकडे वळली आणि लहान मुलाला दात पडल्याचं सांगावं अशा आवाजात म्हणाली, "भावोजी, तो काठ नाही. तो तुकडा वाचलाय."

मग वैद्यबाईंनी समजावून सांगितलं. चित्रकाराने निळ्यात पिवळा मिसळून हिरवा केला. तो पिवळा कच्चा होता. सुरुवातीची वर्षं चित्र मोठ्या खिडकीसमोर टांगलं होतं, पिवळा उन्हाने खाल्ला, निळा तेवढा मागे राहिला. पुढे हॅलोजननी उरलंसुरलं संपवलं. चौकटीखाली ऊन पोचलं नाही, म्हणून हिरवा तिथे जिवंत आहे.

"म्हणजे बाग..."

"हिरवी."

"आणि चांदणं..."

मेव्हणी म्हणाली, "दुपारचे साडेबारा धरून चाला."

मी त्यांना सांगितलं की बोटभर पट्टीवरून एवढ्या मोठ्या चित्राबद्दल अनुमान काढणं म्हणजे हेत्वाभास आहे. हेत्वाभासाचे प्रकारही सांगितले. दोघींनी शांतपणे ऐकून घेतले आणि कामाला लागल्या.

प्रस्तावावर सही मागितली. उद्या करतो म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

सही केली नाही.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. सकाळपासून मनात एकच घोळतंय: तळघरात गेली तर गेली, पण विरहिणी म्हणून तर जाईल. अंधारात का होईना, लोकांच्या मनात ती निळीच राहील. भिंतीवर राहायचं तर ती भर दुपारी उभी असलेली कुणीतरी बाई होऊन राहणार. तिच्यासाठी कोण तिकीट काढील? कोण रडेल? (आणि लेख? लेखाचा प्रश्न गौण आहे. तरी नोंदवून ठेवतो की तो तीनदा छापून आला होता.)

दुपारी ही वह्या तपासता तपासता म्हणाली, "सही का अडलीय म्हणे?"

"चित्राच्या परंपरेचा प्रश्न आहे."

"हं. इतकी वर्षं आत्याला वर रडवलंत, आता तळघरात रडवा." आणि लाल पेनने कुणाचं तरी उत्तर चूक दिलं.

मी खोलीत जाऊन बसलो. एक गोष्ट माझ्या बाजूची होती. कॅनव्हासच्या मागे चित्रकाराने स्वतःच्या हाताने चित्राचं नाव लिहिलं आहे: 'श्यामला'. हे सगळ्यांना ठाऊक आहे. विरहिणी हे लोकांनी ठेवलेलं नाव. श्याम म्हणजे काळसर, सावळा, गर्द निळा. माझ्या लेखाचा पाया हाच. चित्रकारच निळं म्हणतो, तर मेव्हणी कोण? एवढं बळ मिळवायला मी कोश काढला. खरं तर गरज नव्हती. हा शब्द मला पाठ आहे.

श्याम: काळा. गर्द निळा. आणि पुढचा अर्थ: गर्द हिरवा, कोवळ्या दूर्वांसारखा.

दूर्वाश्याम. शाळेत असताना पाठ केलेला समास. विग्रहासकट. गुरुजींनी उभं करून विचारला होता आणि बरोबर सांगितला म्हणून पाठ थोपटली होती. गवताला श्यामल म्हणतात हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि हिरव्या बागेच्या पाठीवर 'श्यामला' असं लिहिलेलं वाचून मी वीस वर्षं लोकांना रात्र समजावून सांगत होतो. ज्याला संस्कृत येत नव्हतं तो निदान मुकाट्याने रडला. मी व्युत्पत्तीसकट रडवलं.

कोश मिटला. प्रस्ताव काढला. सही केली, जरा मोठीच झाली.

२४ मार्च, सोमवार

पहिली चाचणी. आधी भयंकर झालं. मेव्हणीने प्रोजेक्टर लावला आणि बागेला कावीळ झाली. आकाश हळदी, झाडं आजारी, आणि विरहिणीच्या नाकाचा उजेड जाऊन कानाशी पडला.

"घाबरू नका," मेव्हणी म्हणाली. "तालमीला नटसुद्धा असेच दिसतात."

मग दोघी बसल्या. वैद्यबाई त्या बोटभर पट्टीशी रंग ताडून पाहायच्या आणि सांगायच्या, "पानांत पिवळा थोडा वाढवा. अजून. बस. आता मागे या." मेव्हणी कळफलकावर बोटं चालवायची. मी चहा आणायला गेलो. विद्वानाने कधी चहा आणावा हे कुठल्याच शास्त्रात नाही, पण मला वेळ बरोबर साधली.

परत आलो तेव्हा दारातच थबकलो.

दुपार झाली होती. दालनात नाही, भिंतीवर. पानं हिरवी, त्यांच्या कडा तापलेल्या, गवत अगदी दूर्वांसारखं, आकाश उन्हाने पांढुरकं. पायाशी गोळा झालेली सावली एकदम शहाण्यासारखी दिसू लागली. तो कपाळावरचा हात! मी त्याला 'शोकाने झुकलेला' म्हटलं होतं. तो आडवा धरलेला आहे, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. आणि ओठ. ओठांचा लाल रंग उडाला होता, म्हणून तोंड नुसतं पुसट आणि ओघळल्यासारखं दिसायचं. आता ते उघडं आहे. ती कुणाला तरी हाक मारतेय.

आणि चिडलेली आहे. गोड, पण चिडलेली.

"भावोजी," मेव्हणी हळूच म्हणाली, "तुमचा विझलेला दिवा जरा बघून घ्या."

दिवा पितळेसारखा चकाकत होता. त्याला लांब दांडा होता आणि टोकाला खोलगट वाटी. दिव्याला इतका लांब दांडा का, हा प्रश्न मला पूर्वीही पडला होता. त्यावर लेखात एक परिच्छेद आहे.

"डाव," वैद्यबाई म्हणाल्या. "भात वाढायचा. आमच्याकडे अस्साच होता."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. घरी येऊन याच वहीतलं नऊ तारखेचं पान उघडून वाचलं. 'ध्वनी याला म्हणतात' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. खोडणार नाही. हिने वाकून वाचलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

२७ मार्च, गुरुवार

उद्या समिती. अध्यक्ष विजेसाठी अनुकूल आहेत, पण समितीत एक कवी आहेत. त्यांनी विरहिणीवर एक अख्खा संग्रह काढला आहे, आणि प्रकाशनाला मीच बोललो होतो. त्यांनी दोन सभासद आपल्याकडे वळवले आहेत असं कानावर आलं. माझी विद्या माझ्यावरच उलटणार.

सकाळी आत्याबाईंकडे गेलो. नमस्कार केला आणि उभाच राहिलो.

"आत्याबाई, त्या दिवशी तुमच्या हातात डाव होता ना, तो वाढायचा?"

"मग काय सोंगट्यांचा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग सुपारीएवढं हसल्या.

"कळलं वाटतं."

"कळलं. उद्या याल का बघायला? तिकीट नाही काढायचं. आणि रडत नाही आहात."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऊन असेल तर येईन."

"भिंतीवर आहे," मी म्हटलं.

२८ मार्च, शुक्रवार

सावकाश लिहितो. आनंदात अक्षर बिघडतं असा अनुभव आहे.

समिती बरोबर वेळेवर जमली. आधी नुसत्या मंद दिव्यात नेहमीची निळी बाग दाखवली. कवींनी उसासा टाकला. मग मेव्हणीने यंत्र सुरू केलं आणि दुपार झाली.

कुणीतरी "अरेच्चा!" म्हणालं. मग सगळे एकदम बोलू लागले. अध्यक्षांनी विजेचा आकडा वाचून दाखवला; कुणी ऐकला नाही, म्हणून पुन्हा वाचून दाखवला. वैद्यबाईंनी चौकटीखालची पट्टी दाखवली आणि सांगितलं की या उजेडात चित्र जेवढं टिकेल तेवढं जुन्या दिव्यांखाली कधीच टिकलं नसतं.

कवी उठले. "हा धडधडीत खोटेपणा आहे! रंग चित्रात नाहीतच. तुम्ही ते वरून टाकताय. चित्रावर आरोप करताय!"

आरोप हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. तो माझ्या अंगणातला आहे.

"कविराज," मी म्हटलं, "दोरीवर सापाचा आरोप होतो तो अंधारात. दिवा आणला की साप जातो आणि दोरी दिसते. इथे रंग उडालेली बाग होती, तिच्यावर आपण रात्र टाकली, चंद्र टाकला, विरह टाकला. तुम्ही संग्रह टाकलात, मी लेख टाकला. या यंत्राने वरून एकच गोष्ट टाकली आहे, जी इथून गेली होती. तेवढीच. आणि तीही बटण दाबून परत काढता येते. माझा लेख तसा परत काढता येत नाही."

कवी म्हणाले, "पण लोक विरहिणी बघायला येतात!"

याचं उत्तर दारातून आलं. ही आत्याबाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन येत होती.

खुर्ची चित्रासमोर ठेवली. आत्याबाई बसल्या, काठी गुडघ्यांत उभी धरली, आणि वर पाहिलं. आम्ही सगळे मागे उभे. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या बघत राहिल्या. आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. कुणीही हललं नाही.

आणि त्या बटणाएवढ्या डोळ्याला वाटलं की दालनात कुणी नाही. दिवा मालवला.

बाग निळी झाली. ओठ पुसले गेले. समोर पुन्हा रात्र, आणि तिच्यात ती रडणारी बाई. मेव्हणीने जीभ चावली.

"अगं बाई! काय झालं हे? दिसेना," आत्याबाई म्हणाल्या, आणि नीट दिसावं म्हणून पुढे वाकून त्यांनी कपाळावर आडवा हात धरला.

दिवा लागला.

भिंतीवर तो हात, आणि खाली खुर्चीत तोच हात. तेच कोपराचं वळण, तीच करंगळी जरा वर. मध्ये सगळं आयुष्य, आणि दोन्हीकडे ऊन.

कवींनी डोळे पुसले. या वेळी कारण बरोबर होतं.

ते खुर्चीशेजारी खाली बसले. मऊ आवाजात म्हणाले, "आजी, कुणाला हाक मारत होता?"

"कुणाला म्हणजे? यांना! समोर झाडाखाली रंग कालवत बसले होते. पानं वाढून झालेली, भात निवून चाललेला, मी हातात डाव घेऊन तशीच बाहेर आले. म्हटलं, येताय की नाही? तर म्हणतात, हलू नकोस. तशीच उभी राहा. भर उन्हात!"

"मग?"

"मग काय," आत्याबाई म्हणाल्या, "राहिले."

मतदान वगैरे झालं नाही. अध्यक्षांनी विचारलं, "भिंतीवर ठेवायचं ना?" आणि उत्तराची वाट न बघता प्रस्तावावर सही केली. कवींनी साक्षीदार म्हणून दुसरी केली. मग सवयीप्रमाणे जाता जाता अध्यक्षांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. मी त्यांना ओळखतो. उभ्या जन्मात त्यांचा हात बटणाशी पोचून रिकामा परतलेला नाही.

आज परतला. "बघू दे त्यांना," ते म्हणाले, आणि चवड्यांवर चालत बाहेर पडले.

दुपारभर आत्याबाई बसून होत्या. अधूनमधून दिवा मालवायचा. त्या हात वर करायच्या, आणि दुपार व्हायची. त्यांना त्याची युक्ती कळली होती असा माझा संशय आहे. निघताना मेव्हणीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत म्हणाल्या, "तुझ्या दिव्याला एकदाच हाक मारली तरी ऐकू येतं गं. यांना तीनदा मारावी लागायची."

३० मार्च, रविवार

दालनापुढे सकाळपासून रांग आहे. विरहिणीसाठी आलेली माणसं श्यामलेला पाहून जातात आणि तिकिटाचे पैसे परत मागत नाहीत. एक जोडपं भांडत आलं होतं. बाईने चित्राकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघा, आमचं हे असं असतं." दोघं हसत बाहेर पडले.

आजच्या अंकात खालचा मजकूर आला आहे. संपादकांनी या वेळी वाचला. फोन करून हसले. हिने कात्री मागितली, कापला, आणि आत्याबाईंकडे स्वतः नेऊन दिला. इथे उतरवून ठेवतो:

'चूक-दुरुस्ती. आमच्या प्रतिनिधीने या वृत्तपत्रातून अनेक वर्षे असे लिहिले की येथील चित्रालयातील प्रसिद्ध चित्रातली स्त्री चांदण्यात उभी राहून रडत आहे. चित्राचे नाव श्यामला असे असून, वेळ दुपारची आहे. ती रडत नाही. तिला ऊन लागत आहे, आणि ती जेवायला बोलावत आहे.'